शेणखताचे उघडे ढीग

फाल्गुन सरतो, रब्बीची सुगी आटोपते, खळ्यावरचे धान्य घरात येते आणि माणसांना व बैलांना जरा उसंत मिळते, तोच महाराष्ट्रातील बहुतेक शिवारांत एक काम सुरू होते. वर्षभर गावाच्या कडेला साचत आलेले उकिरडे उपसले जातात, खत बैलगाडीत, आणि आता बहुतांशी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, भरले जाते, आणि नांगरून तापत पडलेल्या रानात काही पावलांच्या अंतराने त्याच्या लहान लहान ढिगल्या ओळीने घातल्या जातात. चैत्र-वैशाखाच्या उन्हात या ढिगल्या तशाच पडून राहतात. कोणी त्या आठ दिवसांनी विस्कटतो, कोणी महिन्याने, आणि विस्कटलेले खतही मातीआड होते ते बहुधा रोहिणीचा एखादा वळीव पडून गेल्यावर, कुळवाची पाळी घालण्याची वेळ येते तेव्हाच. या मधल्या काळात त्या खतातील सर्वांत मोलाचा जो अंश, म्हणजे नत्र, त्याचा काही हिस्सा जमिनीला न मिळता अमोनिया होऊन हवेत निघून जातो, आणि पाऊस पडल्यावर उरलेल्यापैकी काही भाग नायट्रस ऑक्साइड या दुसऱ्या वायूच्या रूपाने वातावरणात शिरून पृथ्वीची उष्णता वाढविण्यास हातभार लावतो. ही गोष्ट रसायनशास्त्राला पुष्कळ काळापासून ठाऊक आहे. परंतु सेंद्रिय विरुद्ध रासायनिक या एकाच वादाभोवती फिरत राहणाऱ्या आपल्या शेतीविषयक चर्चेत तिला अद्याप स्थान मिळालेले नाही. शेणखत घालावे की न घालावे, हा प्रश्न महाराष्ट्रापुरता तरी केव्हाच निकालात निघाला आहे. सेंद्रिय कर्ब खालावत चाललेल्या आपल्या जमिनींना ते हवेच आहे. ते कसे राखावे, केव्हा पसरावे आणि पसरल्यावर किती तासांत झाकावे, हा प्रश्न मात्र अनुत्तरित आहे, आणि माझ्या मते आज शेतकऱ्याच्या व हवेच्या दोघांच्याही हिताचा खरा प्रश्न तोच आहे.

जनावराच्या पोटातून बाहेर पडणाऱ्या नत्राचा निम्मा किंवा त्याहूनही अधिक भाग शेणात नसतो, मूत्रात असतो. आणि तो असतो युरियाच्या रूपात, म्हणजे कारखान्यातून गोणीत भरून येणाऱ्या पदार्थाच्याच रूपात. मूत्र नुसते असते तोवर हा युरिया बऱ्यापैकी स्थिर असतो. परंतु ते शेणाशी मिसळले, की शेणातील आणि मातीतील सूक्ष्म जिवांचे युरिएज नावाचे विकर त्याचे विघटन करू लागते, त्यातून अमोनियम कार्बोनेट तयार होते, मिश्रणाचा सामू वर चढतो, आणि सामू चढला की अमोनियाला द्रवात राहवत नाही. सामू सातच्या आसपास असताना अमोनियाचा एक टक्काही वायुरूपात नसतो. तोच नवाच्या घरात गेला की सुमारे तिसरा हिस्सा उडून जाण्यास मोकळा होतो. वर ऊन असेल, वारा असेल आणि पसरलेला थर पातळ असेल, तर हे उड्डाण इतक्या त्वरेने होते, की पसरलेल्या ताज्या खतातून जाणाऱ्या अमोनियाचा बराचसा भाग पहिल्या एक-दोन दिवसांतच गेलेला असतो, आणि पातळ स्लरी असेल तर निम्मा भाग पहिल्याच दिवशी. आपल्या वैशाखात ऊन, वारा आणि कोरडी जमीन या तिन्ही गोष्टी पुरेपूर असतात. त्यात दख्खनची काळी जमीन बहुतेक ठिकाणी चुनखडीयुक्त आणि आठाच्या वर सामू असलेली. या जमिनीचा एक स्वभाव मात्र फार उपकारक आहे: तिच्या पृष्ठावर पडलेला अमोनिया ती उडू देते, पण तोच चार बोटे खाली गेला तर तिच्यातील चिकणमातीचे कण त्याला अमोनियमच्या रूपात घट्ट धरून ठेवतात. एकाच जमिनीने नत्र गमवावे की राखावे, हे त्या चार बोटांच्या मातीवर अवलंबून आहे.

ज्यांनी खरिपाचे रान जवळून पाहिले आहे त्यांना एक दृश्य निश्चित परिचयाचे असेल. ज्वारी किंवा कपाशी गुडघाभर झाली, की शेतात ठरावीक अंतरावर काळपट हिरवे, माजलेले ठिपके दिसू लागतात. भोवतालचे पीक फिकट आणि बेताचे, आणि या ठिपक्यांतील ताटे हातभर उंच. ज्या ठिकाणी खताची ढिगली दीड-दोन महिने बसली होती, ज्या ठिकाणी अवकाळी पावसाच्या एखाद्या सरीने तिचा रस खाली झिरपला, तेवढीच ती जागा. ढिगली उकरून पाहिली तर वरचा वीतभर थर राखाडी, ठिसूळ, निर्गंध झालेला आढळतो आणि आत हात घातला तर दमट, काळे, उबदार खत लागते. ज्या खताला वास येत नाही ते उत्तम कुजलेले, असे आपण मानतो, आणि त्यात तथ्यही आहे. पण वास गेला म्हणजे अमोनिया कोठे तरी गेला, तो एक तर सूक्ष्म जिवांनी आपल्या देहात बांधून घेतला किंवा तो उडाला, ही त्याच गोष्टीची दुसरी बाजू होय. उकिरड्यावर वर्षभर उघडे पडून, पावसाळ्यात धुपून आणि उन्हाळ्यात वाळून जे खत शेतात येते, त्याने आपल्या नत्राचा मोठा व्यय आधीच तेथे सोसलेला असतो. गोठा, उकिरडा आणि शेत हे तिन्ही टप्पे मिळून मूळ नत्राचा निम्मा भाग वाटेतच नष्ट होणे हे मुळीच दुर्मिळ नाही.

आता जमाखर्च मांडून पाहू. आपल्याकडच्या साधारण शेणखतात शेकडा अर्धा भाग नत्र असते, म्हणजे एक टन खतात पाच किलो. दोन हेक्टरांच्या शेतकऱ्याने हेक्टरी दहा टन खत घातले तर त्याने वीस टन खताबरोबर शंभर किलो नत्र रानात नेले. जागतिक हवामान बदलाच्या अभ्यासासाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय मंडळाची, म्हणजे आयपीसीसीची, जी हिशेबाची रीत आहे, तिच्यात जमिनीवर घातलेल्या जनावरांच्या खतातील सुमारे एक पंचमांश नत्र वायुरूपाने उडते असे धरले जाते. म्हणजे या शेतकऱ्याचे वीस किलो नत्र गेले. आणि पंचेचाळीस किलोच्या युरियाच्या एका गोणीत, शेकडा ४६ प्रमाणे, जवळजवळ एवढेच नत्र असते. हा आकडा जगभरच्या सरासरीचा आहे; ताजे, ओले, मूत्रमिश्रित खत असेल तर व्यय याहून अधिक, जुने मुरलेले असेल तर कमी. कोंबडीखताची गोष्ट आणखी वेगळी. द्राक्ष, डाळिंब आणि उसाच्या पट्ट्यांत त्याचा वापर भरपूर होतो. त्यात नत्र शेकडा तीनच्या आसपास असते, आणि ते ओलसर झाले की ज्या उग्र वासाने डोळे चुरचुरतात तो वास म्हणजे विकत घेतलेल्या नत्राने मालकाचा घेतलेला निरोपच असतो. कापराची डबी उघडी ठेवून मागाहून तिच्यात कापूर शोधावा, तसा हा व्यवहार आहे.

उडालेला अमोनिया फार काळ हवेत राहत नाही. काही तासांत किंवा काही दिवसांत तो जवळपासच्या झाडांवर, पाण्यावर व जमिनीवर उतरतो, किंवा कारखान्यांच्या आणि वाहनांच्या धुरातील गंधकाच्या व नत्राच्या आम्लांशी संयोग पावून अमोनियम सल्फेट व अमोनियम नायट्रेट यांचे अतिसूक्ष्म कण तयार करतो. शहरांच्या हवेची प्रत मोजताना 'पीएम २.५' म्हणून ज्या कणांची भीती घातली जाते त्यांत हे कण मोजले जातात, आणि उत्तर भारतातील गंगेचे खोरे हे अमोनियाच्या जगातील सर्वांत दाट पट्ट्यांपैकी एक आहे, हे उपग्रहांच्या निरीक्षणांतून स्पष्ट झाले आहे. त्यात गोणीतल्या युरियाचाही वाटा मोठा आहे, हे सांगितलेच पाहिजे. फोकून टाकलेला आणि न झाकलेला युरिया याच मार्गाने जातो.

नायट्रस ऑक्साइडची गोष्ट अधिक गंभीर आहे, कारण हा वायू शंभर वर्षांहून अधिक काळ वातावरणात टिकतो, शंभर वर्षांच्या हिशेबात तो वजनावारी कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २७३ पट उष्णता अडवितो, आणि वर चढून गेला की ओझोनच्या थरालाही अपाय करतो. तो उत्पन्न होतो मातीतच. अमोनियमचे नायट्रेट करणारे जिवाणू हवेशीर मातीत काम करीत असताना त्याची थोडीशी गळती होते. आणि माती पाण्याने भरून तिच्यातील प्राणवायू संपला, की दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्रेटमधील प्राणवायू ओढून घेऊ लागतात तेव्हा ती गळती पुष्कळच वाढते. मृगाचा पहिला जोरदार पाऊस पडतो तेव्हा महिनोन्महिने तापलेली जमीन अचानक भिजते, सुप्त जिवाणू एकदम जागे होतात, खतातील व मातीतील नत्र भराभर मोकळे होते, आणि त्या वेळी ते शोषून घ्यायला शेतात एकही मूळ नसते. पेरणी व्हायची असते, उगवण व्हायची असते, आणि तोवर हे नायट्रेट पाण्याबरोबर खाली झिरपते किंवा वायू होऊन वर जाते. वर सांगितलेल्या शंभर किलो नत्रामागे सुमारे एक किलो नत्र नायट्रस ऑक्साइड होते असे आयपीसीसीचा जुना सरसकट दर सांगतो. कोरड्या हवामानाच्या प्रदेशांसाठी नंतर सुचविलेला दर त्याच्या निम्मा आहे. मोठा दर धरला तर दोन हेक्टरांतून सुमारे दीड किलो वायू, आणि त्याची उष्णता सव्वाचारशे किलो कार्बन डायऑक्साइडएवढी. एका शेतकऱ्यापुरते हे अल्प आहे. परंतु २०१९ च्या पशुगणनेत देशात गाईबैल व म्हशी मिळून तीस कोटींहून अधिक जनावरे मोजली गेली, हे ध्यानात घेतले तर अल्पाचे रूप पालटते.

मातीआड केल्याने सर्व प्रश्न एकदम मिटतो, असे मात्र कोणी समजू नये. खत गाडले की अमोनिया थांबतो. पण जे नत्र वाचले तेच पुढे नायट्रस ऑक्साइड करणाऱ्या जिवाणूंचेही खाद्य होते, आणि काही प्रयोगांत गाडलेल्या खतातून हा वायू अधिक निघालेला आढळला आहे. म्हणून झाकण्याइतकाच काळाचा विचार महत्त्वाचा ठरतो. पिकाच्या मुळांना नत्र हवे असते त्या वेळेच्या जितके जवळ खत मातीत जाईल तितके बरे, आणि त्यातून जे नत्र वाचेल तेवढा युरिया कमी टाकला तरच वाचविलेल्याचा खरा लाभ होईल. खत राखून युरियाही तितकाच ओतला तर हवेच्या दृष्टीने फार काही साधले असे म्हणता येणार नाही.

कोकणात या विषयाचे रूप निराळे आहे. तेथे उन्हाळ्यात भातरोपांच्या दाढीच्या जागेवर शेण, पालापाचोळा, गवत आणि वर मातीचा थर देऊन राब भाजतात. तण मरते, राख मिळते, रोप जोमदार येते, हे लाभ शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहेत आणि ते खोटे नाहीत. परंतु त्या शेणातील नत्र व कर्ब जवळपास सगळाच धुरात जातो. आणि चिखलणीच्या खाचरात ताजे शेण घातले तर पाण्याखाली प्राणवायूच्या अभावी कुजून त्याचा मिथेन होतो. तेच पूर्ण मुरलेले कंपोस्ट घातले तर मिथेन कमी निघतो. देशावर ताज्या खताचा धोका अमोनियाचा, तर भातखाचरात मिथेनचा.

एवढे सगळे माहीत असताना शेतकरी उन्हाळ्यातच खत का ओढतो? त्याला अज्ञान म्हणणे हा त्याच्यावर अन्याय होईल. एकदा मृग लागला की काळ्या रानात बैलगाडी जात नाही, मग ट्रॉलीचे काय. वाटा चिखलाने बंद होतात आणि चाके आसापर्यंत रुततात. ट्रॅक्टर भाड्याचा असतो आणि तो मिळतो तो चैत्रात, पेरणीच्या धांदलीत नव्हे. मजूरही तेव्हाच मिळतात. खत आणून टाकले की एक काम हातावेगळे झाले, हा विचार ज्याच्या डोक्यावर पेरणीचे बियाणे, सोसायटीचे कर्ज आणि पावसाची अनिश्चितता एकाच वेळी असते त्याने करावा, यात नवल काय? म्हणून जो उपाय त्याला पावसाळ्यात खत ओढायला सांगेल तो पहिल्याच वर्षी बाद होईल. उपाय असा हवा, की ओढणी उन्हाळ्यातच व्हावी, पण खत शंभर ढिगल्यांत न विखुरता शेताच्या बांधाजवळ एकाच मोठ्या ढिगात राहावे, तो ढीग शेणमातीने लिंपलेला किंवा पाचट, ताडपत्री, जे असेल त्याने झाकलेला असावा, आणि पहिल्या पावसानंतर जमिनीला वाफसा आला की पसरणे व कुळवणे एकाच दिवशी, एकामागून एक, व्हावे. ज्याला उन्हाळ्यातच पसरणे भाग आहे त्याने सकाळी पसरलेले खत दुपारपूर्वी वखराखाली घालावे. यात जादा मजुरी पडते, हे मी नाकारीत नाही. मोठ्या ढिगातून पाटीने खत वाहून नेणे हे ढिगली विस्कटण्यापेक्षा कष्टाचे आहे, आणि या कष्टाचा मोबदला कोणी द्यायचा याचा विचार पुढे करतो.

यातील कोणतीही गोष्ट परदेशातून आणावी लागत नाही. १८९३ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर या इंग्रज कृषिरसायनज्ञाने हिंदुस्थानात शेण जळणात जाते याचे कारण रयतेचा अडाणीपणा नसून सरपणाचा तुटवडा आहे, असे दाखवून सरपणाची व चाऱ्याची राखीव राने उभारण्याची मसलत दिली होती. पुढे इंदूर येथील इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्रीत अल्बर्ट हॉवर्ड यांनी यशवंत वाड या आपल्या सहकाऱ्यासह जी कंपोस्टची रीत सिद्ध केली आणि १९३१ साली ग्रंथरूपाने जगापुढे मांडली, तिच्यातील मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग गोठ्याच्या जमिनीविषयीचा आहे. जनावरांच्या पायाखाली माती पसरावी, ती मूत्र शोषून घेईल, आणि ती मूत्रमिश्रित माती काढून कंपोस्टच्या थरांत घालावी. नत्राचा मोठा वाटा मूत्रात असतो, हे जाणून त्याला गोठ्यातच धरण्याची ही रीत. आज महाराष्ट्रातील गोठ्यांना सिमेंटचा कोबा झाला आहे, तो स्वच्छतेला आणि जनावरांच्या आरोग्याला चांगलाच आहे. परंतु त्या कोब्यावरून वाहणारे मूत्र पाण्याच्या नळीने धुऊन गटारात किंवा ओढ्यात सोडले जाते, आणि मागून त्याच गोठ्याचा मालक युरियाच्या रांगेत उभा राहतो. पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे, ज्यांना सारे नाडेपकाका म्हणत, यांनी विटांचे, भोके ठेवलेले, दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच असे जे टाके सुचविले, त्यातही काडीकचरा, शेणकाला आणि माती यांचे थर देऊन वरून शेणमातीने लिंपण्यावर भर होता. अशा लिंपणाने अमोनियाची वाट अडते.

आणि काही जुन्या सवयी सोडाव्याही लागतील. चुलीची राख उकिरड्यावर टाकण्याची रीत घरोघर होती. राख अल्कधर्मी असल्यामुळे ती खताचा सामू वाढविते आणि अमोनियाला बाहेर ढकलते. राख शेतात थेट टाकावी, खताच्या ढिगावर नव्हे. उलट सिंगल सुपर फॉस्फेट ढिगात थराथराने मिसळले तर त्यातील आम्लता व जिप्सम अमोनियाला बांधून ठेवतात आणि खताला स्फुरदाची जोडही मिळते. डेन्मार्कातील पशुपालक स्लरीत गंधकाम्ल मिसळतात ते याच तत्त्वाने.

नेदरलँड्सचा अनुभव या बाबतीत विचार करण्याजोगा आहे. त्या लहानशा देशात आयात खाद्यावर पोसलेल्या जनावरांची संख्या इतकी वाढली, की शेणाची स्लरी हा खताचा नव्हे, विल्हेवाटीचा प्रश्न होऊन बसला. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात तेथे स्लरी जमिनीवर मोकळी फवारण्यास मनाई झाली, ती जमिनीत चिरा पाडून सोडावी असा नियम झाला, आणि १९९० च्या मानाने अमोनिया निम्म्याहून खाली आला. तरीही उरलेल्या नत्राने त्यांच्या माळरानांचे व दलदलींचे नुकसान होतच राहिले. २९ मे २०१९ रोजी तेथील कौन्सिल ऑफ स्टेटने नत्रासंबंधीची परवानापद्धती रद्दबातल ठरविली, हजारो कामे एका निकालाने अडली, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ट्रॅक्टरांचे तांडे हेगच्या रस्त्यांवर आले, आणि २०२३ च्या प्रांतिक निवडणुकांत शेतकऱ्यांच्या असंतोषातून उभा राहिलेला पक्ष सर्वांत पुढे गेला. आपली परिस्थिती त्यांच्यासारखी नाही. आपल्याकडे खताची उणीव आहे, अतिरेक नाही. परंतु ज्या दुग्धव्यवसायाच्या पट्ट्यांत एकेका गोठ्यात शेकडो संकरित गाई बांधल्या जाऊ लागल्या आहेत आणि शेणाला पुरेसे रान उरलेले नाही, तेथे ती परिस्थिती लहान प्रमाणावर येऊ शकते. तेथे आताच, सलोख्याने, नियमांची तजवीज व्हावी. न्यायालयाच्या हुकमाची वाट पाहू नये.

बाकीच्या महाराष्ट्रात मात्र मी दंडाच्या किंवा सक्तीच्या पूर्णपणे विरुद्ध आहे. चार जनावरांच्या शेतकऱ्याला उष्णतावाढीचा गुन्हेगार ठरविणे हे अन्यायाचे होईल. देशाने २०१६ सालासाठी जो उत्सर्जनांचा हिशेब जगापुढे ठेवला त्यात शेतीचा वाटा सुमारे चौदा टक्के आहे आणि ऊर्जेचा तीन चतुर्थांश. आणि शेतीच्या वाट्यातही जमिनीतून निघणारे वायू हे पाचव्या हिश्श्याच्या आसपास. शेतकऱ्याला सांगायचे ते त्याच्या नुकसानीविषयी सांगावे. अडचण अशी, की हे नुकसान त्याला जाणवू नये अशी व्यवस्था आपणच करून ठेवली आहे. पंचेचाळीस किलोची युरियाची गोणी त्याला अडीचशे-पावणेतीनशे रुपयांत मिळते, कारण तिचा खरा खर्च सरकारी तिजोरी सोसते. वर काढलेले वीस किलो नत्र उडाले तर त्याच्या खिशाला तेवढ्याच रुपयांची तोशीस लागते. आणि मोठा ढीग घालून, लिंपून, वाफशावर पसरण्याची मजुरी त्याहून कितीतरी अधिक होते. अशा स्थितीत खत झाकण्याचा उपदेश करणे म्हणजे त्याला पदरमोड करून लोकहित साधायला सांगणे होय. उडून गेलेल्या नत्राच्या जागी जो युरिया येतो त्याच्यावर अनुदान आहे, आणि नत्र उडू न देणाऱ्या मजुरीवर नाही. माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातील मूळ दोष हा आहे आणि तो शेतात नाही, अंदाजपत्रकात आहे.

तो दुरुस्त करण्यास नवे खाते काढावे लागत नाही. २०२१ पासून राबविल्या जाणाऱ्या शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेत रोजगार हमीतून पक्का गोठा, त्यात मूत्र साठविण्याच्या टाकीची तरतूद, आणि नाडेप कंपोस्टिंग यांचा समावेश आहेच. त्या टाकीतले मूत्र प्रत्यक्षात कोठे जाते याची विचारपूस व्हावी, आणि ते पाण्यात मिसळून सिंचनाबरोबर जमिनीत सोडण्याची किंवा कंपोस्टच्या थरांवर टाकण्याची पद्धत गावोगाव दाखविली जावी. खत पसरून त्याच दिवशी मातीआड करण्याची मजुरी लहान शेतकऱ्यासाठी हमीच्या कामांत धरली जावी. केंद्राने गोबरधन योजनेखाली बायोगॅस संयंत्रांना उत्तेजन दिले आणि २०२३ मध्ये तेथून निघणाऱ्या सेंद्रिय खताच्या विक्रीला टनामागे दीड हजार रुपयांचे साहाय्यही मंजूर केले, हे योग्यच झाले. परंतु संयंत्रातून निघणाऱ्या स्लरीत अमोनियाचे प्रमाण कच्च्या शेणापेक्षा अधिक असते, आणि ती उथळ खड्ड्यांत उन्हात वाळवून मग पोत्यांत भरली, तर तिच्यातील तेच जिवंत नत्र वाळवणीतच निघून जाते. ती ओली असतानाच शेतात नेऊन सऱ्यांत सोडावी आणि लगेच माती ओढावी, किंवा पालापाचोळ्यात मुरवून कंपोस्ट करावे. साहाय्य टनावर देताना त्या टनात नत्र किती उरले आहे हेही पाहिले जावे.

दर वर्षी खरिपापूर्वी जिल्ह्याजिल्ह्यांत आढावा बैठका होतात, पालकमंत्री, जिल्हाधिकारी, कृषी अधीक्षक बसतात, आणि बियाण्यांची उपलब्धता, युरिया व डीएपीचा साठा, रेल्वेच्या रेकची आवक, लिंकिंगच्या, म्हणजे खताबरोबर दुसरा माल गळ्यात मारल्याच्या, तक्रारी यांचा तपशील तालुकावार मांडला जातो. त्याच कागदावर जिल्ह्यातील जनावरांच्या संख्येवरून निघणाऱ्या शेणखताचा, त्यातील नत्राचा आणि त्याच्या साठवणीच्या स्थितीचा एक रकाना वाढवावा, कृषी सहाय्यकांनी तो गावनिहाय भरावा, आणि बैठक फाल्गुनातच, उकिरडे उपसायला सुरुवात होण्यापूर्वी, घ्यावी.